त्या वर्षीचा डावा कौल

कुडाळच्या खाली, खाडीच्या काठावरच्या एका गावात मी चार वर्षं शाळामास्तर होतो. त्या शाळेच्या कपाटात 'ग्रामवृत्त' नावाची एक पुठ्ठ्याची वही आहे. गावाची माहिती, देवळं, पिकं, मोठ्या घटना असं सगळं तिच्यात लिहून ठेवायचा तेव्हा हुकूम होता, आणि ते काम मी मन लावून केलं. त्या वहीत माझ्या अक्षरात एक वाक्य आहे: 'या वर्षी गाऱ्हाणे घालणाऱ्या गृहस्थांच्या हलगर्जीपणामुळे कौल चुकला व गावाच्या भातपिकाची अतोनात हानी झाली.' वाक्य शुद्ध आहे. पूर्णविरामही जागच्या जागी आहे. फक्त ते खोटं आहे, आणि लिहिताना ते मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात तिथल्या आताच्या शिक्षिकाबाईंचा फोन आला. शाळेची पुस्तिका निघते आहे, तिच्यात या वहीतला मजकूर जसाच्या तसा छापणार आहेत. "सर, तुमची भाषा किती स्वच्छ आहे हो!" असं त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. मी नव्वदीला आलो आहे. ते वाक्य छापून यायच्या आत मला त्या गृहस्थांविषयी लिहिलं पाहिजे.

गाव त्यांना आबा म्हणायचं. मी त्यांच्या पडवीत राहत होतो. आबा पोफळीसारखे उंच. चालताना त्यांचा वरचा भाग आधी डुलायचा, पाय मागाहून यायचे. कमरेला पंचा, खांद्यावर दुसरा पंचा, आणि आवाज दोन. माणसांशी ते इतकं हळू बोलत की समोरच्याला वाकावं लागे, आणि देवाशी बोलायला लागले की खाडीपलीकडची कुत्री भुंकत. देवाला कमी ऐकू येतं आणि माणसांना गरजेपेक्षा जास्त, असा त्यांचा अनुभव होता.

देवाशी बोलणं हेच त्यांचं काम. आमच्या तळकोकणात कुठलंही कार्य सुरू करायचं तर गाव देवळात जमतं, एक जण सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. तो मान आबांच्या घराण्याकडे होता. पण इतर गावांत गाऱ्हाणं म्हणजे ठरलेली चार वाक्यं असतात. आबांच्या गाऱ्हाण्यात अख्खं गाव असायचं. खाजणाचा बांध भरतीच्या पाण्यात कमरेभर उभं राहून कोणी घातला त्या सात घरांची नावं, देवीची साथ आली तेव्हा मेलेल्यांची नावं, विहिरीला पहिल्यांदा गोडं पाणी लागलं तेव्हा नाचलेल्या बाईचं नाव. वर्षातून पाच-सहा वेळा गाव आपला सगळा इतिहास उभ्यानं ऐकायचं आणि "होय म्हाराजा" म्हणून त्याला मान्यता द्यायचं.

हे सगळं मी वहीत उतरवायला बसलो तेव्हा माझी भंबेरी उडाली.

"आबा, बांध कधी घातला?"

"दोन जावय एकाच दिवशी रुसले, तेच्या आदल्या वर्षा."

"जावई कधी रुसले?"

"ता तुमका कसा म्हायत नाय, मास्तरानू? पाद्र्याची घंटा होडयेतसून पाण्यात पडली ना, त्याच वर्षा."

"आणि घंटा कधी पडली?"

आबांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. "जावय रुसले तेव्हा," म्हणाले.

वहीत मी 'सुमारे शंभर वर्षांपूर्वी' असं लिहिलं. आबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पंचा झटकला. "लिवतलो माणूस एकटो बसान लिवता," ते म्हणाले. "बोललेला शंभर जण आयकतत. खोटा खंय खपतला, तुमीच सांगा." मी हसलो होतो.

पडवीचं भाडं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी मला काहीतरी वाचून दाखवा, देवाधर्माचं सोडून. माझ्याकडे होतं सातवीचं भूगोलाचं पुस्तक. ते आम्ही चार वर्षांत सहा वेळा संपवलं. आबा झोपाळ्यावर, मी कंदिलाजवळ, आणि आतल्या चुलीपाशी त्यांची विधवा बहीण, आक्का. नाईल नदी जगातली सर्वांत लांब, असं मी वाचलं की आबा हात वर करायचे.

"हिका भरती येता?"

"मुखाशी येत असेल थोडी."

"आमच्या खाडयेसारखा वालावलपर्यंत खारा पाणी चढता काय?"

"नाही."

"मगे फुडे वाचा. तिका अजून खूप शिकूचा आसा."

दसरा झाला की पिंगुळीचे चित्रकथीवाले गावात येत. चित्रांची पोथी मांडीवर उलगडून ते रामायण सांगायचे, आणि आबा पुढं बसून त्यांना दुरुस्त करायचे. मारुती लंकेहून परत येताना आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पाय टेकून गेला, हे त्यांना पोथीत हवं होतं. दोन वर्षं त्या बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी आल्या आल्या मारुतीला सड्यावर उतरवला आणि मग कथा सुरू केली. आबा प्रसन्न झाले. "आता बरोबर आसा," म्हणाले, आणि उरलेली कथा झोपून काढली.

चावदिसाचं तर विचारू नका. नरकचतुर्दशीला तिकडे चावदिस म्हणतात. पहाटे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं की दिवसभर एकमेकांकडे पोहे खायला जायचं. नव्या भाताचे, घरीच कांडलेले पोहे: गूळखोबऱ्याचे, दह्यातले, ताकातले, तिखट. आबा सात घरं घ्यायचे. घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि नुसतं "बरे" म्हणायचं, हा पहिला वर्ग. डोळे उघडे ठेवून "बरे हत" म्हटलं की दुसरा. आणि आबांनी पाणी मागितलं तर ती बाई नापास. एका घरी त्यांना येताना पाहून सुनेनं पाण्याची कळशीच माजघरात नेऊन ठेवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आक्का कावायची. "घरातली पेज तुका रुचणा नाय, आणि लोकांच्या फोवांची परीक्षा घेतंस! लाज नाय तुका?"

"माजी परीक्षा तू रोज घेतंस, मी काय बोलतंय?" आबा अगदी हळू म्हणायचे.

पण या माणसाची ताकद मला कळली ती एका दगडामुळे. गावातल्या एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याच्या बांधावरचा हद्दीचा दगड दोन हात पुढं सरकवला. शेजारी कुडाळच्या कोर्टात जायला निघाला होता. आबा त्याला म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला सगळं गाव देवळात उभं. सोनं लुटायच्या आधी गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज तुजी सगळी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत!"

"होय म्हाराजा!"

"ह्या वर्षा एका बांधावरच्या दगडाक पाय फुटले!"

इथे "होय म्हाराजा" जरा चाचरतच आलं. माना वळायला लागल्या.

"तो दगड म्हातारो आसा, तेका दिसणा नाय. चुकान दोन हात फुडे गेलो!"

"होय म्हाराजा!"

"तेका हाताक धरून परत जाग्यार हाडूची बुद्धी ज्याका व्हयी तेका दी, आणि तेच्या लेकरांका सुखी ठेव!"

"होय म्हाराजाऽऽ!"

दगड सरकवणारा तिसऱ्या रांगेत होता. आजूबाजूचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड जागेवर होता, बुडाशी ओली माती. आबा मला म्हणाले, "कोर्टात गेले असते तर दगड थंयच रवलो असतो, आणि माणसा हलली असती."

आता माझ्याकडे येतो.

माझी नेमणूक तात्पुरती होती. कायम होणं साहेबांच्या तपासणीवर अवलंबून, आणि तपासणीत साहेब सगळ्यांत आधी बघायचे ते हजेरी. घरी आईवडील आणि लग्नाची बहीण. नोकरी गेली असती तर मला दुसरं काही येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी अश्विनात साहेबांच्या दौऱ्याचा कागद आला. सोमवारी येणार. आणि गावात भात पिकून पिवळं झालेलं, पोपटांचे थवे उतरायला लागलेले. कापणी सुरू झाली की माझी शाळा रिकामी. मोठी मुलं भारे वाहायला, मधली राखणीला, आणि मुली लहान भावंडं सांभाळायला.

भाताला पहिला विळा लावायच्या आधी देवाचा कौल घ्यायचा, ही तिथली रीत. तो गुरुवारी होता. आमचा देव म्हणजे गुडघाभर उंचीचा काळा पाषाण, नाकडोळे नसलेला. गाऱ्हाणं घालून आबा त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक पाकळी पाण्यात बुडवून चिकटवायचे आणि सगळे वाट बघत बसायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. डावा कौल मिळाला की चार दिवस पुन्हा विचारायचं नाही आणि विळ्याला हात लावायचा नाही. गुरुवार अधिक चार म्हणजे सोमवार. मी बोटांवर मोजलं आणि मला घाम फुटला, कारण उत्तर फार सोपं होतं.

फणसाच्या पानाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. वाळत आला की तो कशालाही सोडत नाही. मुलं त्यानं पतंग चिकटवायची. गुरुवारी दुपारी गाव जेवून आडवं झालं होतं. मी करवंटीत चीक घेतला, देवळात गेलो आणि माडाच्या हिरानं, म्हणजे झावळीच्या काडीनं, देवाच्या उजव्या अंगाला, नेमक्या जागेवर, बोटभर चीक लावला. घाईत थोडा माझ्या बोटांनाही लागला. देवाची माफीही मागितली, पण तीसुद्धा घाईत.

तिसऱ्या प्रहरी गाव जमलं. आबांनी गाऱ्हाणं घातलं, सात घरांची नावं झाली, बांध झाला, विहीर झाली. मग त्यांनी डावी पाकळी लावली. मग उजवी. ती दाबताना त्यांचा अंगठा जरा जास्त वेळ तिथं राहिला. ते मागं सरले, उभे राहिले, आणि पुढचा सगळा वेळ अंगठा तर्जनीवर घासत होते. डावी पाकळी पडली. उजवी अशी बसली होती की जणू देवाच्या अंगावर उगवली आहे.

"डावो," आबा माणसांच्या आवाजात म्हणाले. लोक कुरकुरत उठले. मी गर्दीत उभा राहून वाईट वाटल्यासारखा चेहरा केला होता.

घरी आलो तर बोटं एकमेकांना चिकटलेली. चीक निघतो फक्त खोबरेल तेलानं. मी आक्काकडे तेल मागायला गेलो. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"मास्तरानू, अश्विनात फणस खंय गावलो तुमका?"

"फणस नाही, चीक. मुलांची फुटकी पाटी चिकटवत होतो."

आबा झोपाळ्यावर होते. झोपाळ्याची करकर थांबली.

"चिकाटली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घट?"

"हो, आबा."

"बरा," ते म्हणाले, आणि झोपाळा पुन्हा करकरायला लागला. त्या संध्याकाळी त्यांनी भूगोल ऐकला नाही. सकाळी मी शाळेत जाताना देवळाच्या दारातून पाहिलं, तर ते पाषाणासमोर उकिडवे बसून तेलात बुडवलेल्या चिंधीनं त्याचं उजवं अंग पुसत होते, एखाद्या मुलाचं नाक पुसावं तसे.

म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं आहे हे मला कळलं होतं. शुक्रवार आणि शनिवार आकाश निळंभोर होतं. त्या दोन दिवसांत मी कधीही तोंड उघडू शकलो असतो. मी भिंतीवर वेळापत्रक रंगवत होतो.

रविवारी दुपारी सह्याद्रीकडून ढग आले. तो परतीचा पाऊस तीन दिवस कोसळला, विजांसकट. तर बंद झाली, म्हणजे खाडी ओलांडायची होडी. त्यामुळे साहेब आलेच नाहीत. बुधवारी ऊन पडलं तेव्हा सगळं भात आडवं होऊन पाण्यात झोपलं होतं, आणि आणखी दोन दिवसांत लोंब्यांना कोंब फुटले. गुरुवारी विळा लागला असता तर निम्मं तरी खळ्यावर आलं असतं. एक बाई बांधावर बसून कोंब आलेली लोंबी हातात धरून नुसती बघत होती, ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. तिची दोन मुलं माझ्या शाळेत होती.

मानकऱ्यांची बैठक देवळात झाली. लिहिता येणारा म्हणून मला कागद घेऊन बसवलं. आबा खांबाला टेकून उभे.

"आबा, इतक्या वर्षांत असा कधी झाला नाय," एक मानकरी म्हणाला. "कोणी काय केल्यान काय? कोणाचो संशय आसा तर सांग. आमी बघतो."

माझ्या हातातला टाक कागदावर टेकलेला होता, तिथे शाईचा ठिपका पसरायला लागला. आबांनी छपराकडे पाहिलं, वाशांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोणी काय करूक नाय," ते म्हणाले. "उजवी पाकळी मीच जास्त दाबलंय. हात वलो होतो. माजी चूक."

देवळात, देवासमोर, आबा खोटं बोललेले मी तेवढे एकदाच ऐकले. का बोलले, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मला वाचवणं हा त्यातला लहान भाग होता. त्या दोन पाकळ्यांवर गावातली निम्मी भांडणं मिटलेली होती: कोणाची विहीर, कोणाची पायवाट, कोणत्या भावानं कुठलं घर घ्यायचं. कौलाला चीक लागू शकतो, हे एकदा कळलं असतं तर हरलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला असता की माझ्या वेळीही लावला होता. त्यापेक्षा आपला हात ओला होता, हे त्यांना परवडलं.

त्यांचा मान काढून पुतण्याला दिला. आणि मी ते वाक्य लिहिलं, मानकऱ्यांनी सांगितलं तसं, 'हलगर्जीपणा' हा शब्द मात्र माझा. त्यांनी साधं 'चुकीमुळे' म्हटलं होतं.

पुतण्याला गाऱ्हाणं पाठ नव्हतं. तो माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन वाचायचा. तुळशीच्या लग्नाला वारा आला, पान उलटलं, आणि तो कार्तिकातून थेट शिमग्यात गेला. लोकांनी होळीलाही "होय म्हाराजा" म्हणून टाकलं. आबा शेवटच्या रांगेत उभे राहायचे. त्यांचं "होय" सगळ्यांच्या जरा आधी यायचं, कारण वाक्य कुठे संपणार ते त्यांना ठाऊक असायचं. आसपासची पोरं हसायची. तेही हसायचे.

साहेब आले ते त्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, न कळवता. तरवाला धावत सांगायला आला, "मास्तरानू, तुमचो सायब पलीकडे उभो आसा!" माझ्या वर्गात चार मुलं होती. बाकी सगळं गाव चिखलात वाकून कोंब आलेल्या भातातून जे मिळेल ते काढत होतं. मी पडवीत डोकं धरून बसलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं, कोनाड्यातला विळा घेतला आणि शेतांकडे निघाले. साहेब होडीतून उतरून, शहाळं पिऊन शाळेपर्यंत येतात तोवर मुलं बांधांवरून पळत येऊन आत बसली होती, पट पूर्ण.

साहेबांनी खाली पाहिलं. "मुलांचे पाय चिखलानं का माखलेत?"

"शेतीचा तास होता, साहेब," मी म्हणालो. खोटं बोलायची मला आता सवय झाली होती.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'शिक्षकाचा प्रत्यक्ष कृतीवर भर आहे.' मी कायम झालो. मुलांच्या जागी शेतात कोण होतं, ते मी संध्याकाळी पाहिलं. आबा लोंबी धरून बसलेल्या त्या बाईच्या वाफ्यात होते, पोफळीसारखा माणूस कमरेत मोडून, आणि ती त्यांना म्हणत होती, "आबानू, तुमका कापूक येणा नाय, मुळासकट उपटतास तुमी!"

"मास्तराच्या सायबाचा झाला काय, ता आधी इचार," आबा म्हणत होते.

शिक्षिकाबाईंचा फोन आल्यावर मी आधी त्या पुतण्याच्या नातवाला फोन केला. आता मान त्याच्याकडे आहे. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, की आबांनी जे झाकलं ते मी उघडं करू का? तो हसला. "आजोबानू, आता कापणेक कौल कोण लावता? पोरां मोबाइलार ढग बघतत. लिवा तुमी. आबांचा नाव साफ होवंदे." म्हणून हे लिहितो आहे. बाईंना माझी विनंती आहे की ते वाक्य छापताना त्याच्याखाली एवढं छापावं: कौल आबांकडून चुकला नव्हता. मी, त्या वेळचा शिक्षक, देवाच्या उजव्या अंगाला चीक लावून तो बिघडवला होता.

हे मी आबांना स्वतः सांगायचा एकदा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी माझी बदली कणकवलीकडच्या एका शाळेत झाली. निघालो तो दिवस तसाच होता, दसरा होऊन गेलेला, भात पिकलेलं. आबांनी माझं ऐकलं नाही, माझी पत्र्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढं ते, मागं मी, असे तरीच्या वाटेवर चाललो होतो. वाटेत कोणी नव्हतं. मी हिय्या केला.

"आबा, त्या वर्षीचा तो कौल…"

ते थांबले नाहीत. वळलेही नाहीत. "मास्तरानू," ते म्हणाले, "डोक्यार ट्रंक आसा. आता वर आणखी काय घालू नकात."

आम्ही तरीवर पोचलो. त्यांनी ट्रंक होडीत ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला. तरवाल्यानं वल्हं टेकलं आणि होडी सुटली. निम्म्या खाडीत पोचलो असू, तेव्हा काठावरून त्यांचा आवाज आला. माणसांचा नव्हे, देवाशी बोलायचा.

"मास्तरानूऽऽ! थंय काय व्हया झाला, तर आदी कोणाकडे तरी तोंडान मागून बघाऽऽ!"

होडीतली माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, "आबाक वाटता, मास्तर परमुलखात उपाशी मरतलो." मी मान हलवली आणि ट्रंकेच्या कडीशी खेळत बसलो. पलीकडे उतरून मी वळून पाहिलं तेव्हा ते परत निघाले होते, आणि भातातून फक्त त्यांचा डुलणारा वरचा भाग दिसत होता.